परदेशी सहलीचा विषय आपल्याच किनाऱ्यावरून शोधायचा: पद्धत, वेळापत्रक आणि खाचखळगे

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. सुट्टी जवळ आली की "यंदा कुठे जाऊ?" असे धागे निघतात आणि खाली त्याच पाच-सहा शहरांची नावं पडतात. तिथे जाऊन आलेल्या माणसाला सहा महिन्यांनी विचारा, पॅरिसचं हॉटेल आठवतं की प्रागचं, त्यालाच सांगता येत नाही.

या धाग्यात उलट्या टोकाने जाऊया. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या किनाऱ्यावरची एक गोष्ट पकडायची आणि तिचं दुसरं टोक जगात कुठे आहे ते शोधायचं. मग त्या टोकाचा हंगाम बघायचा. तो आपल्या सुट्टीशी जुळला तरच तिकीट. आणि निघण्याआधी घरची गोष्ट नीट बघून घ्यायची, कारण तिथे काय बघायचं हे तीच शिकवते.

सुरुवात थिबा पॅलेसपासून करतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८५ मध्ये गादीवरून उतरवला गेला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणला गेला. भाट्याच्या खाडीकडे बघणारा हा राजवाडा १९१० चा. १९१६ मध्ये थिबा इथेच वारला, समाधीही रत्नागिरीतच आहे. राणी सुपयालत १९१९ मध्ये परत गेली. तिची समाधी यांगूनला, श्वेडगॉन पॅगोड्याच्या दक्षिणेला. बहादूरशहा जफरची कबरही तिथून जवळच.

मंडालेला जाऊन राजवाडा बघणारे एक चूक हमखास करतात. तो मूळ राजवाडा नव्हे. मूळचा १९४५ मध्ये जळाला, आज दिसतं ते १९९० च्या दशकातलं बांधकाम. थिबाच्या काळातलं लाकूड बघायचं तर श्वेनान्दॉ मठात जावं लागतं. ते दालन राजवाड्यातलंच. थिबाचे वडील मिंडॉन त्यात वारले म्हणून थिबाने ते सुटं करून तटाबाहेर हलवलं, आणि त्यामुळेच ते आगीतून वाचलं. रत्नागिरीच्या गच्चीवरची लाकडी नक्षी आधी बघितली असेल तर त्या मठासमोर माणूस दहा मिनिटांत निघत नाही.

पण ही सहल आत्ता करू नका. २०२१ पासून तिथे यादवी चालू आहे, त्यात मार्च २०२५ च्या भूकंपाने मंडालेची बरीच पडझड झाली. विषय कपाटात ठेवा. रत्नागिरीचं टोक तेवढं बघून घ्या, सोमवार सोडून.

---

भांग_उधाण

छान धागा. भरती-ओहोटीचा विषय माझा.

अलिबागच्या किनाऱ्यावरून कोलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोणत्या ओहोटीला, हे मात्र बहुतेकांना माहीत नसतं. मग अर्धे लोक गुडघाभर पाण्यातून परत फिरतात आणि उरलेले किल्ल्यात अडकतात.

जुना हिशोब असा. त्या दिवशीच्या तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ४ चे पाऊणपट ३, म्हणजे दुपारी ३ ला आणि पहाटे ३ च्या सुमारास भरती. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत हिशोब तोच.

आता खरी गोम. अष्टमीला या हिशोबाने ओहोटी येते दुपारी सव्वाबाराच्या सुमारास. सहलीला सोयीची वेळ म्हणून लोक अष्टमीच गाठतात. पण अष्टमी म्हणजे भांग. सूर्य-चंद्राची ओढ काटकोनात असते, त्यामुळे पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. घड्याळात ओहोटी असते, वाट मात्र पाण्याखालीच. याउलट अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी भरपूर मागे जातं, पण ओहोटी पडते सकाळी आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला. एक वेळ अंधारी, दुसरी किल्ला बंद व्हायची.

म्हणून द्वितीया ते चतुर्थी धरा. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनीच सर्वात जास्त असतो, आणि ओहोटी सकाळी आठ ते सव्वानऊच्या मध्ये येते. ओहोटीच्या तासभर आधी वाळूत उतरा, ओहोटी उलटल्यावर तासाच्या आत किनाऱ्याला लागा. किल्ल्याच्या दारातून समुद्र लांब दिसतो म्हणून निवांत बसू नका. मधला सखल पट्टा आधी भरतो, तोही बाजूने आणि आवाज न करता. वाळूवरच्या रेघोट्यांमधलं साचलेलं पाणी थरथरायला लागलं की पाणी फिरलं. त्यानंतर फोटो नाही.

याचं जगातलं दुसरं टोक म्हणजे फ्रान्सच्या नॉर्मंडीतला मों-सें-मिशेल. खडकावरचा मठ, भोवती प्रचंड उपसागर, आणि मोठ्या उधाणाला पाण्याची चढउतार चौदा मीटरपर्यंत. आपल्याकडे अलिबागला उधाणात चार-साडेचार मीटर, मालवणला त्याच्या निम्म्याच्या आसपास. आकड्यावरून काय ते समजा.

---

सुरंगी

भांग_उधाण, पाऊणपटीचा हिशोब तिकडे फ्रान्सलाही चालेल का? की वेगळा?

---

भांग_उधाण

नाही चालणार, सुरंगी, आणि चुकतात लोक इथेच. पाऊणपट हा मुंबई-अलिबागच्या पाण्याचा हिशोब. प्रत्येक बंदराला चंद्र डोक्यावर आल्यावर भरती यायला लागणारा वेळ वेगळा. अगदी आपल्याच किनाऱ्यावर दक्षिणेकडे, मालवण-वेंगुर्ल्याला, भरती मुंबईच्या आधी येते. मों-सें-मिशेलला उधाणाची भरती सकाळी आणि संध्याकाळी येते, दुपारी नव्हे. उधाण कोणत्या दिवशी, एवढं मात्र आपलं पंचांग तिकडचंही बरोबर सांगतं. चंद्र एकच.

तिकडे रोजच्या भरतीला २० ते १२० असा गुणांक देतात. आकडा साधारण ११० च्या वर गेला तरच डोंगर खरोखर बेट होतो, आणि तेही तेवढ्या भरतीपुरतं. सगळ्यात मोठे गुणांक विषुवदिनांच्या आसपास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरअखेर. आपल्या भाषेत होळी पौर्णिमा किंवा सर्वपित्री अमावस्या, आणि त्यानंतरचे दोन दिवस. शिमगा सोडून कोकणी माणूस फ्रान्सला जाणार नाही हे मला मान्य आहे. पितृपक्ष मोकळा असतो, विसर्जन झालेलं असतं.

पॅरिसहून रेनपर्यंत वेगवान गाडीने दीड तास, पुढे बसने साधारण सव्वा तास. भरतीच्या दोन तास आधी तटावर जागा धरा, कारण पाणी येताना बघण्यात मजा आहे, आल्यावर नाही. वाहनतळ डोंगरापासून अडीच किलोमीटरवर आहे. बसच्या रांगेवर विसंबू नका, पाऊण तास चालायची तयारी ठेवा. उपसागर ओलांडून चालत जायचं असेल तर परवानाधारक वाटाड्याबरोबरच. तिथे रुतणारी वाळू आहे. आपल्या खाडीतल्या चिखलात पाय खेचून काढायची सवय असली तरी ती वाळू वेगळी, झटका दिला की जास्त धरते. आखूड चड्डी, अनवाणी पाय, आणि वाऱ्यासाठी एक जाकीट.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर लिंडिसफार्न बेट आहे, तिथे रस्ताच दिवसातून दोनदा बुडतो. सुरक्षित वेळा छापलेल्या असतात, तरी गाड्या अडकतात. कोलाबा किल्ल्याची गंमत तिथेही.

---

कातळवाट

सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरचं, टोक मी देतो.

रत्नागिरी, राजापूर, लांजा या पट्ट्यात जांभ्याच्या सड्यावर कोरलेली कातळशिल्पं. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत नऊ जागा गेल्या: कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवी हसोळ, जांभरूण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ. कशेळीचा हत्ती साधारण अठरा मीटर लांब आहे.

लोक दुपारी बाराला पोचतात आणि "काही दिसत नाही" म्हणून परततात. बरोबरच आहे, दिसणार नाही. खोबण इंच-दोन इंचांची. ऊन डोक्यावर असलं की तिच्यात सावलीच पडत नाही आणि लाल दगड सपाट दिसतो. सकाळी उजाडल्यापासून दीड तास आणि मावळतीआधीचा दीड तास, एवढीच वेळ. उन्हाकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे खोबणीची पलीकडची कड काळी पडते आणि रेघ उठून येते.

अठरा मीटरचा हत्ती पायाशी उभं राहून हत्ती म्हणून दिसत नाही. चपला काढा आणि बाहेरच्या कडेने खोबणीच्या बाजूबाजूने चालत जा, पाठ, डोकं, सोंड, पाय. एक फेरी झाली की आकृती डोक्यात बसते. मग आत बघा. त्या हत्तीच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी आहे, त्यात मासेही. रेघ उठावदार दिसावी म्हणून खडू किंवा रांगोळी भरू नका, जांभा सच्छिद्र असतो, पांढरं आत बसतं ते निघत नाही.

हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं आणि शिल्पाच्या कडा झाकतं. एप्रिल-मेमध्ये नऊनंतर कातळावर पाय ठेववत नाही. देवाचे गोठणेला जाणार असाल तर सुईचं होकायंत्र न्या, तिथल्या मनुष्याकृतीवर सुई भरकटते. मोबाईलमधल्या होकायंत्रावर फार विश्वास ठेवू नका, तो नीट जमवला नसला तर कुठेही भरकटतो.

दुसरं टोक विचाराल तर सगळे पेरूचं नाझ्का सांगतील. बरोबर, पण नाझ्का आपल्यापेक्षा उलट आहे. तिथे कोरलेलं काही नाही, वरचे काळपट दगड बाजूला सारून खालची फिकट माती उघडी केलेली आहे. ते वरूनच बघायचं. छोटं विमान, अर्ध्या तासाचं उड्डाण, दोन्ही बाजूच्या प्रवाशांना दिसावं म्हणून प्रत्येक आकृतीवर डावी-उजवीकडे कलतं. पोट तिथेच बिघडतं. सकाळचं उड्डाण घ्या आणि त्याआधी दोन बिस्किटांपलीकडे काही खाऊ नका. दुपारी वारा वाढतो. लिमाहून बसने सात तास लागतात, म्हणून एका दिवसात जाऊन-येऊन करण्याचा बेत आखू नये.

माझं मत विचाराल तर सड्याचा खरा भाऊ नॉर्वेतलं आल्टा. तिथेही उघड्या खडकावर कोरलेले प्राणी, होड्या, माणसं, आणि तिथेही तिरप्या उजेडाचाच खेळ. जून आणि बहुतेक जुलैभर सूर्य मावळतच नाही, त्यामुळे रात्री उशिरा तिरपं ऊन तासन्‌तास मिळतं. आपल्याकडे दीड तासात जे उरकावं लागतं ते तिथे निवांत. हिवाळ्यात सगळं बर्फाखाली, त्यामुळे जून ते ऑगस्ट धरा.

---

तरीवरचा

नॉर्वे निघालंच आहे तर एक पुरवणी. वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा जंगलजेट्ट्या (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी) बदलत किनाऱ्याने गाडी हाकायला ज्यांना आवडतं त्यांच्यासाठी स्टाइनशेर ते बोडो हा नॉर्वेचा १७ क्रमांकाचा किनारी रस्ता. साडेसहाशे किलोमीटर, सहा फेरीबोटी. त्यातल्या किलबोगहाम्न ते येक्टविक या तासाभराच्या फेरीत उत्तरध्रुववृत्त ओलांडलं जातं. हिशोब किलोमीटरचा न करता शेवटच्या बोटीचा करायचा, दाभोळला करतो तसाच. चार दिवसांखाली करू नये.

---

मचवा

जंजिऱ्याचं टोक आफ्रिकेत आहे हे कोणी लिहिलं नाही अजून.

सिद्दी मूळचे पूर्व आफ्रिकेकडचे. त्या किनाऱ्याशी आपला संबंध वाऱ्यावर चालायचा. थंडीत ईशान्येचा वारा गलबतांना इकडून आफ्रिकेकडे न्यायचा, स्वाहिलीत त्याला कास्काझी म्हणतात. एप्रिलनंतर वारा फिरला, म्हणजे कुसी सुरू झाला, की तोच परत आणायचा. म्हणून केनियातल्या लामूला किंवा टांझानियातल्या झांझिबारला जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी. कास्काझी, कोरडी हवा, शिडाच्या होड्या पाण्यात. एप्रिल-मे तिकडे मोठ्या पावसाचे. मे महिन्याची सुट्टी बघून तिकडची स्वस्त तिकिटं काढलीत तर ती का स्वस्त होती ते तिथे गेल्यावर कळेल.

आधी राजपुरीहून शिडाच्या होडीतून जंजिऱ्यात जाऊन या. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. होडी पायरीला लागताना लाटेबरोबर वर येते त्या क्षणी पाय टाकायचा, खाली जाताना नाही. पावसाळ्यात होड्या बंद.

झांझिबारचं स्टोन टाऊन २००० पासून आणि लामू २००१ पासून जागतिक वारशात. लामूच्या गल्ल्यांत मोटारी नाहीत, ओझी गाढवांवर. विमान शेजारच्या मांडा बेटावर उतरतं, पुढे होडी. दोन्हीकडे दारं बघा. मुरूड-चौलकडच्या जुन्या घरांच्या चौकटी नीट पाहिल्या असतील तर झांझिबारच्या काही दारांवर हिंदुस्थानी हात लगेच ओळखू येतो.

कागदपत्रांत एक मोठा खड्डा आहे. केनियाला २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन परवानगी लागते, ती सोपी. पीतज्वराच्या लसीचं मात्र लोक विसरतात. केनियाहून परत येताना भारतातच तो पिवळा दाखला मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात धावून उपयोग नाही. ठरावीक केंद्रांतच मिळते, जिल्ह्याच्या गावी मिळेल असं धरू नका, मुंबईची फेरी धरा. एकदा घेतली की जन्माची.

---

सुरंगी

वेळासच्या कासवांचं दुसरं टोक कुठलं? ओडिशाच ना?

---

खाडीकाठ

हो, आणि त्याला आता पुरावाही आहे. ओडिशातल्या गहिरमाथ्याला २०२१ मध्ये बिल्ला लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगवेगळी, हा समज त्यामुळे डळमळला.

वेळास, आंजर्ल्याला घरटी सुटी सुटी असतात. अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, पिल्लं सोडतात सकाळी आणि संध्याकाळी. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत जावं, दोन रात्री राहायच्या तयारीने. पिल्लं आपल्या वेळेने निघतात, आपल्या परतीच्या एसटीने नाही. ओडिशाच्या ऋषिकुल्येला मात्र माद्या लाखांनी एकदम येतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि कोणत्या रात्री ते आधी सांगता येत नाही. एखाद्या वर्षी येतही नाहीत.

तशीच झुंड कोस्टारिकाच्या ओस्तिओनालला बघायला मिळते. तिथे बहुतेक महिन्यांत येतात, पावसाळ्यात, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबर, जास्त. अमावस्येच्या आधीचे दिवस धरा, पुन्हा पंचांगच. वाटाड्या सक्तीचा. पांढरा टॉर्च आणि फ्लॅश वापरू नका, उजेडाने मादी अंडी न घालता मागे फिरते, पिल्लं उलट दिशेला चालतात.

---

रेवदंडा_पुलाजवळ

छोटंसंच. कोर्लई किल्ल्याखालच्या गावात पोर्तुगीजमधून आलेली एक बोली अजून घरात बोलतात. तिची बहीण मलेशियात मलाक्काला ऐकायला मिळते, तिथल्या पोर्तुगीज वस्तीतली क्रिस्तांग. क्वालालंपूरहून बसने दोन-अडीच तास. जूनअखेरीस सेंट पीटरच्या सणाला तिथे होड्या सजवून आशीर्वाद घेतात, नारळी पौर्णिमेसारखंच म्हणा ना. वस्तीत संध्याकाळी जा, दुपारी सगळी दारं बंद असतात. आणि कोर्लईत काय, मलाक्क्यात काय, लोकांना "जरा तुमची भाषा बोलून दाखवा" असं फर्मान सोडू नका. मासे घ्या, भाव करा, आपोआप ऐकू येते.

---

मालवणी_खाजा

काजूचा इसारलात सगळे. काजू पोर्तुगीजांनी हाडलेलो, ब्राझिलातसून. थय नाताल शहराजवळ पिरांजीक एकच काजूचा झाड आसा, साडेआठ हजार चौरस मीटर पसारलेला. फांदी जमनीक टेकता, थय मुळा धरता, परत उठता. आमच्या कलमांका हेवो वाटात. फळां नोव्हेंबर ते जानेवारी. आमचे ओले काजगर येवच्या आदी जावन येवक जमता.

---

सुरंगी

😀 ही सहल नक्की. बरं, शेंगेन व्हिसाचं कोणी सांगेल का? फ्रान्स आणि नॉर्वे दोन्हीला लागेल ना?

---

तरीवरचा

दोन्हीला एकच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. त्या पंधरा दिवसांवर जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये भेटीच्या वेळाच मिळत नाहीत. ऑगस्टच्या सहलीचा अर्ज मार्चमध्ये टाका, आंब्याची गडबड सुरू व्हायच्या आत. ज्या देशात रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज. रात्री समसमान असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. विमा किमान तीस हजार युरोचा. बोटांचे ठसे साधारण पाच वर्षं चालतात, पण आधी दिले असतील तर जुन्या व्हिसाची प्रत जोडा.

अर्ज नाकारण्याचं नेहमीचं कारण पैसे कमी असणं नसतं. खात्यात महिनाभरात अचानक आलेली मोठी रक्कम त्यांना खटकते. बागायतदारांच्या खात्यात मे-जूनमध्ये नेमकं तेच होतं. विक्रीच्या पावत्या आणि सातबारा इंग्रजी भाषांतरासह जोडा, आणि वर एका पानाचं पत्र: पीक कधी, पैसे कधी.

---

कातळवाट

आणि घरचं वेळापत्रक विसरू नका. लावणी संपल्यापासून गणपती येईपर्यंतचे तीन-चार आठवडे उत्तरेकडच्या देशांना सोयीचे, म्हणजे आल्टा. पितृपक्षात मों-सें-मिशेल. भातकापणी उरकल्यावर, फवारण्यांचं बघायला घरी कोणी असेल तर, डिसेंबर-जानेवारीत लामू नाहीतर ब्राझील.

---

सुरंगी

पितृपक्षाचं मान्य. पण सर्वपित्रीला घरी पान वाढायचं असतं, त्याच दिवशी उधाण कसं गाठणार?

---

भांग_उधाण

सर्वपित्रीचं पान वाढा आणि त्याच रात्री विमानात बसा. जोर अमावस्येनंतरच्या एक-दोन दिवसांत असतो, वर लिहिलंय. प्रतिपदेच्या रात्री रेनला मुक्काम, द्वितीयेला पहिल्या बसने निघून सकाळची भरती, ती हुकली तर त्याच संध्याकाळची. घटस्थापना मात्र हुकेल, त्याची सोय घरच्यांशी बोलून करा. तिकीट काढण्याआधी त्या दिवसाचा गुणांक बघा. १०० च्या खाली असेल तर पुढचं वर्ष.